नाडी बघायला शिकूया: मनगट, पाऊल आणि तान्ह्या बाळाचा दंड

वॉर्ड_सात

करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, मग मनगटांवर स्मार्ट घड्याळं आली. आकडा लगेच समोर दिसतो, त्यामुळे बोटांनी नाडी बघणं मागे पडत चाललंय. मी जिल्हा रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. सोसायटीच्या शिबिरात बीपी बघायला बसते तेव्हा समोरच्याला आधी सांगते, "स्वतःची नाडी शोधून दाखवा." बहुतेकांची बोटं मनगटाच्या मधोमध जातात, जिथे निळ्या शिरा दिसतात. तिथे काही लागत नाही. ठोका धमनीचा असतो आणि ती धमनी अंगठ्याच्या बाजूला आहे.

तर पद्धत अशी. तळहात वर करून हात मांडीवर किंवा टेबलावर सैल सोडा. अंगठ्याच्या मुळापासून सरळ मनगटाच्या घडीवर या आणि तिथून कोपराच्या दिशेने एक-दोन बोटं सरका. बाहेरच्या कडेला हाड हाताला लागेल. मनगट जरा आत वाकवलं की मधल्या भागात एक स्नायूबंध ताठ होतो. हाड आणि तो स्नायूबंध यांच्यामध्ये जी खाच आहे, तिच्यातून धमनी जाते. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका तिथे शेजारीशेजारी ठेवा. आधी थोडं जोरात दाबा म्हणजे ठोका बंद होईल, मग दाब हळूहळू कमी करत या. ज्या दाबाला ठोका सगळ्यात स्पष्ट लागतो तिथे बोटं स्थिर ठेवा. नवीन माणूस बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त दाबतो आणि "नाडीच नाही" म्हणतो. अंगठ्याने बघू नका. अंगठ्याचा स्वतःचा ठोका जाणवतो आणि आपण आपलीच नाडी मोजून मोकळे होतो.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. चहा, विडी-सिगारेट, जिना चढणं यातलं काही नुकतंच झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्या. आणि निदान पहिल्यांदा तरी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय फार पसरली आहे. त्यात एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते आणि लय तर कळतच नाही.

विश्रांतीत मोठ्या माणसाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके नेहमीचे धरतात. पण धागा मी आकड्यासाठी काढलेला नाही. आकडा मशीनही देतं. ठोके सारख्या अंतराने पडतात का, जोर कसा आहे, दोन्ही हातांना सारखाच लागतो का, हे बोटं सांगतात. आज घरात सगळ्यांची नाडी बघा आणि काय लागलं ते इथे लिहा.

रानवाट

ताई, छान धागा. माझी लगेच सापडली, ६८. आईची डाव्या हाताला स्पष्ट लागली, उजव्या हाताला काहीच नाही. तिची मागे उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली होती. हात दुखत नाही, गार पडत नाही, भाकऱ्या थापते नेहमीसारख्या. घाबरावं का?

वॉर्ड_सात

रानवाट, मनगटातून अँजिओग्राफी झाल्यावर काही जणांची ती धमनी नंतर बंद होते. तळहाताला करंगळीच्या बाजूनेही एक धमनी रक्त पुरवते आणि दोघी तळहातात एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून हात व्यवस्थित चालतो. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे सांगाच, पुन्हा कधी त्याच हातातून नळी घालायची वेळ आली तर त्यांना माहीत हवं. हात गार पडला, पांढरा-निळा झाला, मुंग्या किंवा वेदना सुरू झाल्या तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

कोणतंही ऑपरेशन न होताही काहींची धमनी नेहमीच्या जागी नसते. ती अंगठ्याच्या मुळावरून हाताच्या मागच्या बाजूला वळलेली असते. अंगठा ताठ केला की मनगटाच्या बाहेरच्या कडेला एक खळगा पडतो, तिथेही चाचपून बघा.

शेवग्याची_शेंग

माझ्या बाबांबद्दल विचारायचं होतं. वय ७८, बीपीची गोळी चालू आहे. घरच्या बीपी मशीनवर एकापाठोपाठ तीन वेळा बघितलं तर नाडी ७२, ९६, ८१ अशी येते. मशीन बिघडलं म्हणून नवीन आणलं, तरी तेच. ते म्हणतात, मला काही होत नाही, तू उगाच मोजत बसू नकोस.

वॉर्ड_सात

मशीन बाजूला ठेवा आणि बाबांचा हात हातात घ्या. पूर्ण मिनिटभर बोटं ठेवा, आकडा मोजू नका, नुसतं अंतराकडे लक्ष द्या. ठोके सारखे पडतायत, की मध्येच एखादा चुकतोय, की काही ताळमेळच नाही? एवढंच बघून कळवा.

पहाटपावलं

मी पळतो, अर्धमॅरेथॉनची तयारी चालू आहे. सकाळी उठल्याउठल्या ठोके ४८ असतात. घड्याळ "कमी" म्हणून सूचना देतं आणि बायको काळजी करते.

आणि अजून एक. धाग्यामुळे मी आज बोटांनी बघितलं तर श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना हळू होतात. हे बरोबर आहे का?

हृदयस्थ

मी फिजिशियन आहे. पहाटपावलं, नियमित सराव असलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे विश्रांतीत ४० ते ६० ठोके असणं नवल नाही. चक्कर, अंधारी, दम, छातीत अस्वस्थपणा यातलं काही नसेल आणि पळताना ठोके नीट वाढत असतील तर ठीक. पण हाच ४८ आकडा व्यायाम न करणाऱ्या, थकवा येणाऱ्या सत्तरीतल्या माणसाचा असता तर मी ईसीजी काढायला सांगितला असता. बीपी-हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनीही ठोके कमी होतात, म्हणून औषधांची यादी बघितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

श्वासाबरोबर होणारा बदल तरुण, निरोगी माणसांत अगदी नेहमीचा आहे, लहान मुलांत तर जास्तच.

शेवग्याची_शेंग यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण ताईंनी नेमका प्रश्न विचारलाय. अनियमित नाडी एकाच प्रकारची नसते. श्वासाबरोबर हलणारी पहिली. दुसरी म्हणजे लय चांगली चालू असताना मध्येच एक ठोका गायब होतो, थोडा थांबा येतो आणि पुढचा ठोका जरा जोरात लागतो. तिथे बहुतेक वेळा हृदयाने एक ठोका वेळेआधी मारलेला असतो. तो इतका कमजोर असतो की मनगटापर्यंत पोचत नाही, म्हणून आपल्याला चुकल्यासारखा वाटतो. हे पुष्कळ निरोगी लोकांत होतं. चहा-कॉफी, जागरण, ताण यांनी वाढतं. वारंवार होत असेल किंवा हृदयाचा आजार आधीच असेल तर तपासून घ्यायचं.

तिसऱ्या प्रकारात ठोक्यांच्या अंतरात काहीच नियम सापडत नाही आणि प्रत्येक ठोक्याचा जोरही वेगळा. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वय वाढतं तसं हे वाढतं. त्या थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका अशा माणसात इतरांच्या सुमारे पाचपट असतो, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी करता येतो. पुष्कळांना काहीच त्रास होत नसतो, बाबा म्हणतायत तसंच. म्हणून साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर मी स्वतः बोटं ठेवतो, समोर मशीनचा आकडा असला तरी.

निळी_छत्री

माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. मनगटावर काही केल्या सापडत नाही, गुबगुबीत हात आहेत. मानेला हात लावायची भीती वाटते.

वॉर्ड_सात

मनगट आणि मान दोन्ही सोडा. बाळाची मान आखूड असते, तिथे शोधायला जाऊ नये. दंड बघा. हात अंगापासून बाजूला घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर, दंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं अलगद ठेवा आणि हाडाकडे हलकेच दाबा. बाळ झोपलेलं असताना करा. नाहीतर छातीच्या डाव्या बाजूला तळवा ठेवला तरी धडधड लागते.

या वयात मिनिटाला १०० ते १६० ठोके असतात. पहिल्यांदा मोजणाऱ्या आईला इतकी भरभर धडधड ऐकून धस्स होतं, पण ते नेहमीचं आहे. रडताना आकडा आणखी वर जातो, तेव्हा मोजूच नका.

मोठ्या माणसाच्या मानेबद्दलही सांगून ठेवते. कंठमण्याच्या बाजूच्या खाचेत ठोका चांगला लागतो, पण एका वेळी एकाच बाजूला बघायचं आणि चोळायचं अजिबात नाही. तिथे दाब ओळखणारी जागा आहे. ती जास्त दाबली गेली तर ठोके एकदम मंदावून माणूस, विशेषतः वयस्कर, चक्कर येऊन पडू शकतो.

डब्लिनकर

मी इथे कामाच्या ठिकाणी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं. त्यात स्पष्ट सांगितलं की माणूस कोसळला तर नाडी शोधू नका. मग हे सगळं शिकून उपयोग काय, असा प्रामाणिक प्रश्न पडला. वाद घालायचा नाही, समजून घ्यायचंय.

काळी_माती

डब्लिनकर, तुमचा प्रश्न वाचून आमच्या गावातलं आठवलं. यवतमाळकडचं. वावरात एक जण कोसळला. एक म्हणे नाडी चालू आहे, दुसरा म्हणे नाही, तिसरा नाकासमोर हात धरून बसला. चौथ्याने कांदा आणायला पाठवलं. गाडी काढेपर्यंत सगळे मनगटच धरून होते. तो वाचला नाही. तेव्हा काय करायला पाहिजे होतं ते ताई, डॉक्टर, तुम्ही एकदा नीट लिहाच. गावाच्या ग्रुपवर टाकतो.

हृदयस्थ

काळी_माती, वाईट वाटलं वाचून. लिहितो.

माणूस कोसळला तर खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास चालत नाही, किंवा माशासारखा मध्येच तोंड उघडून आचके देतोय, तर हृदय बंद पडलंय असं समजून सुरुवात करा. ते आचके म्हणजे श्वास नव्हे, इथे फार जण फसतात. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा, फोन स्पीकरवर. दुसऱ्याने छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून कोपरं ताठ करून दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलात की माणूस बदला, पण दाब थांबवू नका. मदत येईपर्यंत, किंवा तो हालचाल करून नीट श्वास घेऊ लागेपर्यंत.

नाडी का शोधायची नाही? सामान्य माणसाला त्या क्षणी ती ओळखता येत नाही. स्वतःचं काळीज इतकं धडधडत असतं की आपल्याच बोटांतले ठोके लागतात आणि वाटतं, चालू आहे. किंवा बीपी इतकं पडलेलं असतं की मनगटावर काहीच लागत नाही. म्हणूनच २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांपासून सामान्य लोकांच्या प्रशिक्षणातून नाडी बघणं काढून टाकलं. आम्हा डॉक्टर-परिचारिकांनाही १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ बघायची परवानगी नाही, आणि तेही मानेवर. तेवढ्यात नक्की लागली नाही तर आम्हीही छाती दाबायला लागतो.

सागरगोटा

पण हृदय चालू असेल आणि आपण छाती दाबली, तर नुकसान नाही का होणार? हीच भीती माणसाला मागे खेचते. मी गोव्यात किनाऱ्याजवळच राहतो, बुडालेल्यांना बाहेर काढलेलं पाहिलंय. लोक भोवती उभे राहतात, हात कोणी लावत नाही.

हृदयस्थ

चालू हृदयावर थोडा वेळ दाब दिला तर बरगडी दुखावू शकते, क्वचित मोडू शकते. तो माणूस बहुधा कण्हेल, हात झटकेल, आणि तुम्ही थांबाल. उलट बंद पडलेल्या हृदयाला दाब मिळाला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला अंदाजे ७ ते १० टक्क्यांनी घटते. या दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही. बुडालेल्या माणसात मात्र आधी श्वास बंद पडलेला असतो, म्हणून तिथे तोंडाने श्वास देणंही गरजेचं आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ते प्रशिक्षण प्रत्यक्ष घ्यावं, लिहून शिकवण्यासारखं नाही.

वॉर्ड_सात

डब्लिनकर, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मी देते. नाडी शिकायची ती बसलेल्या, बोलणाऱ्या, झोपलेल्या, तापलेल्या माणसासाठी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंगी येतो, तिथे तिचा उपयोग बघा.

साध्या तापात शरीराचं तापमान १ अंश सेल्सिअस वाढलं की ठोके साधारण दहाने वाढतात, आणि ताप उतरला की खाली येतात. डेंगीत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास ताप उतरतो आणि घरचे निर्धास्त होतात. खरा धोक्याचा काळ तिथेच सुरू होतो, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. ताप नाही पण नाडी भरभर चालली आहे, बोटांखाली अगदी बारीक लागते आहे, हातपाय गार आहेत, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली आहे: असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बीपी अशा वेळी वरून बरं दिसू शकतं, वरचा आणि खालचा आकडा जवळजवळ येतात एवढंच. एक सोपी गोष्ट आणखी करा. बोटाचं टोक हृदयाच्या उंचीवर धरून नख पाच सेकंद दाबा आणि सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. जास्त वेळ लागला तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाहीये.

वॉर्डात आम्ही डेंगीच्या मुलांच्या उशाशी रात्री बसायचो ते याच्यासाठी. मॉनिटर सगळ्या खाटांना नसायचे. बोटं होती.

हिरडा_बेहडा

मी आयुर्वेदाचा पदवीधर, वैद्यकी करतो. तीन बोटं ठेवण्याची पद्धत आमच्याकडेही आहे म्हणून लिहितो. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा स्वतंत्र प्रकरण म्हणून येत नाही, ती नंतर शार्ङ्गधर संहितेत सविस्तर येते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या धमनीला तिथे 'जीवसाक्षिणी' म्हटलंय. तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ, आणि गतीची वर्णनं सापासारखी, बेडकासारखी, हंसासारखी. सकाळी उपाशीपोटी बघावी असा नियम. वर्षानुवर्षं शेकडो हात हातात घेतल्यावरच बोटांना काही कळू लागतं, हे मला मनापासून सांगायचंय. मनगटाला हात लावून दोन मिनिटांत सगळे आजार सांगणाऱ्यांपासून लोकांनी सावध राहावं. मी स्वतः मधुमेहाच्या संशयाला रक्त तपासायला पाठवतो.

वॉर्ड_सात

वैद्यराज, शेवटचं वाक्य लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन हे रक्तातच बघायचं.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर पायांची नाडी. हे मी दर शिबिरात सांगते आणि सगळ्यात कमी लोक करतात. बसून पाऊल सैल ठेवा. पायाचा अंगठा वर उचलला की पावलावर एक स्नायूबंध उठून दिसतो. त्याच्या करंगळीकडच्या बाजूला, पावलाच्या सर्वांत उंच भागाजवळ दोन बोटं अगदी हलकी ठेवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मध्ये. दोन्ही पायांना बघा.

पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून एकट्या तिच्यावरून घाबरू नका, घोट्यामागची बघा. दोन्ही लागत नाहीत, पाऊल गार आहे, पायावरचे केस गेलेत, चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर सुटते, जखम भरत नाही: यातलं काही असेल तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते पायाचं आणि हाताचं बीपी मोजून तुलना करतात. पायाचा आकडा हाताच्या ०.९ पटीपेक्षा कमी निघाला तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असं धरतात. काळी_माती, तुमच्याकडे विडी ओढणाऱ्या तरुणांना हे मुद्दाम सांगा. तंबाखूमुळे हातापायांच्या छोट्या धमन्या बंद पडण्याचा एक आजार पन्नाशीच्या आतच होतो, आणि तंबाखू पूर्ण सुटली नाही तर बोटं, पाऊल कापायची वेळ येते.

सागरगोटा

दोन्ही हातांना बघा असं ताईंनी वर लिहिलंय, त्याला माझा दुजोरा. वहिनीचं वय तेव्हा पंचविशीतलं. सतत थकवा, डावा हात वर केला की दुखायचा, कपडे वाळत घालताना थांबावं लागायचं. अशक्तपणा म्हणून टॉनिकं चालू होती. मग एका डॉक्टरांनी दोन्ही मनगटं एकाच वेळी धरली. डावीकडे ठोका जवळजवळ नव्हता. तपासण्यांत ताकायासू आर्टेरायटिस निघाला, मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार. जपानमधल्या ताकायासू नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं, आशियातल्या तरुण स्त्रियांत जास्त दिसतो असं आम्हाला सांगितलं. आता औषधांवर ती बरी आहे, बीपी उजव्याच हाताला बघतात.

शेवग्याची_शेंग

ताई, डॉक्टर, बाबांची नाडी बघितली. आधी हात देत नव्हते. मी माझी बघितली, मग आईची, मग ते स्वतःच म्हणाले, माझी पण बघ. काही ताळमेळ लागला नाही. दोन ठोके जवळ, मग थांबा, मग एक हलका, मग भरभर तीन-चार. आईनेही बोटं ठेवून बघितली, तिलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, पण त्या वेळी लय सरळ आली. आमच्या डॉक्टरांनी तेवढ्यावर सोडलं नाही, २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर राहून हृदयाची लय नोंदवणारं छोटं यंत्र, लावायला सांगितलाय. मंगळवारी लावणार आहेत. तोवर वहीत काय लिहून ठेवू?

हृदयस्थ

योग्य केलंत. ही लय अधूनमधून येऊन जाणारीही असते, म्हणून एक ईसीजी सरळ आला तरी प्रश्न मिटत नाही. बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, एका हातापायातली ताकद गेली, तर होल्टरची वाट न बघता लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, तिथे मिनिटं मोजली जातात.

वॉर्ड_सात

वहीत असं लिहा: तारीख आणि वेळ, बसून की झोपून, पूर्ण मिनिटाचे ठोके, लय सरळ की विस्कळीत, त्या वेळी धडधड-चक्कर-दम काही जाणवलं का, आणि गोळी घेऊन किती वेळ झाला. सकाळी एकदा, रात्री एकदा पुरे. दिवसभर मनगट धरून बसू नका, त्यांनाही त्रास आणि तुम्हालाही. होल्टर लावल्यावर नेहमीची कामं करू द्या, फिरायला जाऊ द्या, फक्त आंघोळीचं तिथल्या तंत्रज्ञांना विचारून घ्या. वही बुधवारी परत जाताना बरोबर न्या. रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघत असते.